न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचे नानासाहेब पेशवे आणि ते उभे करणारा आयरिश विनोदी नट

रंगपट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंग्रज फौजा नानासाहेब पेशव्यांचा माग काढत हिंडत होत्या, त्याच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये एक नट रोज रात्री नानासाहेब होऊन रंगमंचावर येत होता. पहिला प्रयोग २२ फेब्रुवारी १८५८, वॉलॅक्स थिएटर, नाटक 'जेसी ब्राउन'. म्हणजे लखनौच्या रेसिडेन्सीचा वेढा फोडायला इंग्रज सेनापती हॅवलॉक पोहोचला सप्टेंबर १८५७ मध्ये, आणि पाच महिन्यांत त्यावरचं नाटक सातासमुद्रापार उभं! या नाटकातले नानासाहेब एका गोऱ्या बाईवर डोळा ठेवून तिला जनानखान्यात ओढू पाहतात. लोक चिडणार हे दिसत असल्याने कंपनीतला कुणी ते काम घ्यायला तयार होईना, म्हणून लेखकाने ते स्वतःकडे घेतलं, असं सांगतात.

तो लेखक-नट म्हणजे डायॉन बूसिको. डब्लिनचा. १८५३ साली अमेरिकेत आलेला.

१८५७ वरची इंग्रजी नाटकं शोधताना हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. ज्याच्या स्वतःच्या देशावर इंग्रजांचं राज्य, ज्याच्या देशात नुकताच बटाट्याच्या दुष्काळाने दहाएक लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा जास्तच देश सोडून गेली, त्या आयरिश माणसाला आपल्या नानासाहेबांचा असा राक्षस करावासा वाटावा? त्या रागातच मी त्याची बाकीची नाटकं वाचायला घेतली. तीन महिने वाचतोय. राग पुरता गेलेला नाही, पण आता माझं मत असं आहे की रंगमंचावरच्या हसऱ्या आयरिश माणसाला त्याची अब्रू परत मिळवून दिली ती याच माणसाने, आणि तीही परक्या देशात राहून. म्हणून हा धागा.

थोडक्यात चरित्र. जन्म डब्लिन, डिसेंबर १८२०. घराण्याचं नाव बूर्सिको, फ्रान्सहून आलेल्या प्रोटेस्टंट कुळातलं. शाळा लंडनला. अठराव्या वर्षी 'ली मॉर्टन' असं खोटं नाव लावून गावोगावच्या कंपन्यांतून कामं करायला लागला. विशीत असताना, ४ मार्च १८४१ ला, कॉव्हेंट गार्डनला त्याचं 'लंडन अ‍ॅशुरन्स' लागलं आणि तुफान चाललं. पुढची बारा वर्षं बहुतेक लंडनमध्ये, मधली काही फ्रान्समध्ये. फ्रेंच नाटकं इंग्रजीत बसवायची, पैसे आले की उधळायचे, पुन्हा कर्ज. तिथेच अ‍ॅग्नेस रॉबर्टसन ही स्कॉटिश नटी भेटली आणि दोघं अमेरिकेला गेली. सुरुवातीला घर चाललं ते अ‍ॅग्नेसच्या नावावर. लोक तिला बघायला यायचे, तो तिच्यासाठी नाटकं लिहायचा.

आता खरा मुद्दा. त्या काळच्या इंग्रजी रंगमंचावर आयरिश माणूस आला की प्रेक्षक आधीच हसायला तयार. फाटका कोट, हातात दांडकं, खिशात बाटली, आणि दर वाक्यात काहीतरी घोळ घालणारं गावंढळ बोलणं. नोकर तरी, भांडखोर तरी, नाहीतर नुसताच मठ्ठ. आणि १८६० च्या न्यूयॉर्कमध्ये दर चार माणसांत एक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता! गोदीत हमाली करणारे, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या मुली. दिवसभर राबून ही माणसं गॅलरीत येऊन बसायची आणि समोर आपलीच टवाळी बघायची.

२९ मार्च १८६० ला लॉरा कीन हिच्या थिएटरात बूसिकोचं 'द कॉलिन बॉन' लागलं. आयर्लंडमध्ये १८१९ साली एका गरीब मुलीचा तिच्या उच्चकुलीन नवऱ्याने खून करवला होता. त्यावर जेराल्ड ग्रिफिनची कादंबरी होती, तिच्यावरून हे नाटक. बूसिकोने त्यातली मुलगी जगवली. तिला वाचवणारा माणूस म्हणजे माइल्स-ना-कॉपलीन. चोरून शिकार करणारा, चोरून दारू गाळणारा, घोड्यांचे सौदे करणारा, त्याच मुलीवर जीव टाकून तिने नाकारलेला. हे काम बूसिकोने स्वतः केलं. वय एकोणचाळीस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आणि सात वर्षं अमेरिकेत राहिल्यावर तो रंगमंचावर आपल्या गावचं बोलणं बोलला. लोक हसले, भरपूर हसले. पण माइल्स नाटकातला सगळ्यांत शहाणा आणि सगळ्यांत दिलदार माणूस आहे. तो हसवतो आणि पुढच्या क्षणी तळ्यात उडी घेतो.

ते नाटक वर्ष संपायच्या आत लंडनच्या अ‍ॅडेल्फी थिएटरात गेलं, दोनशेहून जास्त प्रयोग झाले, व्हिक्टोरिया राणीने ते तीनदा पाहिलं. त्यानंतर १८६४ ला डब्लिनमध्ये 'अरा-ना-पोग', १८७४ ला न्यूयॉर्कमध्ये 'द शॉक्रॉन'. या तिन्ही नाटकांतली मुख्य विनोदी कामं त्याचीच. त्यांच्याबद्दल जाणकारांनी लिहावं. इथे नाटकवाले बरेच आहेत.

पडद्यामागे

रंगपट, धाग्याबद्दल मनापासून आभार. बूसिकोचं नाव मला नेपथ्यामुळे माहीत होतं, तो विनोदी नट होता हे आज कळलं.

'कॉलिन बॉन'मधल्या त्या उडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नाटकाचा सगळा बोलबाला त्या उडीचा होता. किलार्नीचं तळं, बाजूला खडकातली गुहा, चांदणं. कुबडा नोकर डॅनी मुलीला पाण्यात ढकलतो. माइल्स दोराला लोंबकळत पलीकडून येतो, हालचाल दिसते ती पाणमांजराची समजून बंदूक झाडतो, आणि गोळी लागते डॅनीला. मग पाण्यात काहीतरी पांढरं दिसतं आणि माइल्स उडी मारतो. हे 'पाणी' म्हणजे निळसर पातळ जाळीदार कापड, आणि ते हलवायला खाली मुलं बसवलेली! वरून गॅसच्या दिव्यांचा उजेड.

आम्ही एका एकांकिकेत नदी दाखवली होती. दोन्ही विंगांतून निळं कापड धरून चौघेजण हलवत होतो. पहिल्या तालमीत ते नदीसारखं मुळीच दिसेना, वाळत घातलेल्या साडीसारखं दिसत होतं. मग एकजण म्हणाला की सगळ्यांनी एका लयीत हलवू नका, ज्याने त्याने आपापल्या लयीत हलवा. तसं केल्याबरोबर पाणी झालं. त्यामुळे त्या कापडाखालच्या पोरांबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. त्यांना हे कुणीतरी शिकवलं असणारच.

'अरा-ना-पोग'मध्ये तर याहून भारी. शॉन हा टपालवाला तुरुंगाच्या बुरुजावरून, भिंतीवरच्या वेलींना धरून वर चढत निसटतो. नट किती चढणार? म्हणून भिंतच खाली सरकवायची. शॉन हातपाय मारत जागच्या जागी, सेट खाली खाली जातोय, आणि प्रेक्षकांना वाटतं की माणूस वर वर चाललाय. सिनेमा यायच्या तीस वर्षं आधी ही युक्ती!

आणि १८५७ च्या 'पुअर ऑफ न्यूयॉर्क'मध्ये रंगमंचावर घर पेटायचं. गंमत म्हणजे तेच नाटक लिव्हरपूलला गेलं की 'पुअर ऑफ लिव्हरपूल', लंडनला गेलं की 'स्ट्रीट्स ऑफ लंडन'. गल्ल्यांची नावं बदलायची, आग तीच.

इतिहासवाचक

लेख आवडला, पण नानासाहेबांचा भाग इतक्यात सोडू नये असं वाटतं.

पहिली गोष्ट, नानासाहेब लखनौच्या वेढ्यात नव्हतेच. त्यांचं ठाणं बिठूर आणि कानपूर. लखनौचा लढा बेगम हजरत महल यांच्या नेतृत्वाखाली चालला होता. बूसिकोने दोन वेगळ्या ठिकाणच्या गोष्टी एकत्र कालवल्या, कारण न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत तेव्हा खलनायक म्हणून एकच नाव ठाऊक झालं होतं. दुसरी गोष्ट, खुद्द जेसी ब्राउन ही बाईसुद्धा अशीच. वेढ्यात अडकलेल्या स्कॉटिश मुलीला दूरवरून येणाऱ्या पलटणीच्या बॅगपाइपचे सूर सगळ्यांच्या आधी ऐकू येतात, ही कथा १८५७ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून पसरली. वेढ्यातून वाचलेल्यांनी पुढे ती खोडून काढली. म्हणजे नाटक एका अफवेवर उभं आहे.

नानासाहेबांची बाजू न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला कोण सांगणार होतं? दुसऱ्या बाजीरावांचा वर्षाला आठ लाखांचा तनखा १८५१ साली ते वारल्याबरोबर कंपनीने बंद केला, दत्तकाचा हक्क नाकारला, विलायतेपर्यंत अर्ज करून काही झालं नाही. हे त्या नाटकात कुठे येणार? अर्थात कानपूरला सतीचौरा घाटावर आणि बिबीघरात जे घडलं तेही खरंच आहे, आणि तिथे बायकापोरं मेली. त्या बातम्यांनी इंग्रजी वाचणारं सगळं जग पेटलं होतं. बूसिकोने त्या आगीवर आपली भाकरी भाजून घेतली, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि आयरिश असून असं का, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कंपनीच्या गोऱ्या फौजेत आयरिशांचा मोठा भरणा होता. दिल्ली घेताना मेलेला जॉन निकल्सन डब्लिनचा, बूसिकोच्याच पिढीतला. दुष्काळातल्या आयरिश पोराला पोट भरायचे दोन मार्ग होते, जहाजात बसून अमेरिका नाहीतर लाल डगला घालून हिंदुस्थान. त्यामुळे न्यूयॉर्कच्या गॅलरीतल्या कितीतरी आयरिशांचे भाऊ त्या वेळी इकडे बंदूक घेऊन उभे असणार.

रंगपट (धागाकर्ता)

@इतिहासवाचक, लाल डगल्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. माझ्या रागाच्या मुळाशी 'सगळे पारतंत्र्यातले लोक एका बाजूला असतात' असं काहीतरी होतं. तसं नव्हतं.

बूसिकोला दुसऱ्यांच्या कातडीत शिरायची हौसच होती. डिसेंबर १८५९ मध्ये त्याने 'द ऑक्टरून' लिहिलं. लुइझियानातल्या मळ्यावरची झोई नावाची मुलगी, आठवा हिस्सा रक्त काळ्या माणसाचं, म्हणून कायद्याने गुलाम. तिचा रंगमंचावर लिलाव होतो. गुलामगिरीविरुद्ध बंड करणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी देऊन चारच दिवस झाले होते आणि हे नाटक लागलं! त्यात बूसिकोने काम केलं ते वानोटी या मूळ अमेरिकन माणसाचं, ज्याला जवळजवळ बोलणंच नाही. खुनी पकडला जातो तो कॅमेऱ्यामुळे, काचेवर त्याचा फोटो उमटलेला असतो म्हणून. नाटकाने उत्तरेलाही रडवलं आणि दक्षिणेलाही फारसं दुखवलं नाही. लंडनच्या प्रेक्षकांना झोईचं मरण सोसेना तेव्हा त्याने शेवट बदलून तिला जगवलं. म्हणजे गल्ल्याकडे त्याचं लक्ष कायम होतं, हे मान्य.

पण आयरिश नाटकांत मात्र तो गल्ल्यासाठी सगळं सोडून देत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मध्यरात्र

माफ करा, पण मला हे कौतुक पटत नाही. माइल्स दारू गाळतो, 'शॉक्रॉन'मधला कॉन चोऱ्यामाऱ्या करतो, सगळे पितात, सगळे गातात. जुना दारुडा आयरिश गेला आणि गोड दारुडा आयरिश आला, इतकंच ना? ज्यांची टवाळी व्हायची त्यांनी टवाळी जरा मऊ करून विकली. त्याला अब्रू परत मिळवणं म्हणायचं का?

रंगपट (धागाकर्ता)

@मध्यरात्र, रास्त प्रश्न आहे. 'शॉक्रॉन'चा पहिलाच प्रवेश सांगतो, मग ठरवा.

पडदा उघडतो तेव्हा क्लेअर ही घरंदाज पण गरिबीत आलेली मुलगी लोणी काढायला रवी घेऊन घुसळत उभी आहे. मॉलिन्यू हा तरुण इंग्रज कॅप्टन येतो. त्याला ती गवळण वाटते. तो गावाचं नाव 'स्विलबेग' असं म्हणतो. ती म्हणते, 'शूलबेग'. तो पुन्हा चुकतो, ती पुन्हा सुधारते. मग ती त्याच्याच हातात रवी देते आणि कॅप्टनसाहेब लाल डगल्यात घुसळायला लागतात!

पूर्वीच्या नाटकांत आयरिश माणसाची जीभ वळायची नाही आणि इंग्रज हसायचा. इथे इंग्रजाची जीभ वळत नाही आणि हसतो गॅलरीतला हमाल. इंग्रज वाईट नाही, भला माणूस आहे, शेवटी क्लेअरच्या प्रेमात पडून सुधारतो. फक्त तिथे काय चाललंय हे त्याला कळत नाही. कळतं कुणाला? कॉनला. फाटक्या कोटातला, घरदार नसल्यासारखा भटकणारा हा माणूस सगळ्यांच्या पुढे दोन पावलं आहे. 'शॉक्रॉन' म्हणजे भटक्या, आयरिश भाषेतला शब्द. कॉन पितो, हो. पण नाटकातली अक्कल त्याच्याकडे आहे आणि धाडसही.

दुसरं उदाहरण 'अरा-ना-पोग'चं. इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या आयरिश बंडाचा काळ, विक्लोचे डोंगर. शॉनच्या लग्नात तो 'द वेअरिंग ऑफ द ग्रीन' हे जुनं गाणं म्हणतो, ज्यात हिरवा रंग अंगावर घालणाऱ्यांना फासावर चढवतात असं आहे. बूसिकोने त्यात स्वतःची कडवी घातली आणि १८६५ मध्ये लंडनच्या भर थिएटरात म्हणून दाखवलं. १८६७ च्या डिसेंबरात आयरिश बंडवाल्यांनी लंडनच्या क्लर्कनवेल तुरुंगाबाहेर स्फोट केला तेव्हा हे गाणं नाटकातून काढायला लावलं, असं सांगतात. नुसतं गोडगोड विकणारा माणूस इतकं अंगावर ओढवून घेईल का?

सुईदोरा

'अरा-ना-पोग' म्हणजे 'चुंबनवाली अरा' ना? ते नाव कशावरून पडलं ते कुणीतरी सांगा.

रंगपट (धागाकर्ता)

@सुईदोरा, हो. तिचा मानलेला भाऊ बंडखोर, तुरुंगात अडकलेला. ती भेटायला जाते आणि पहारेकऱ्यांसमोर त्याचं चुंबन घेते. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी तिने तोंडात धरलेली असते, ती त्याच्या तोंडात जाते. त्यावरून गावाने नाव ठेवलं.

कायदेकानू

नाटक करणाऱ्यांनी या माणसाचं आणखी एका गोष्टीसाठी देणं लागावं. १८५६ पर्यंत अमेरिकेत नाटककाराला फार तर आपलं पुस्तक छापण्याचा हक्क होता, प्रयोगावर काही हक्क नव्हता. एखादं नाटक न्यूयॉर्कला चाललं की फिलाडेल्फियातल्या कंपनीने कुणाला तरी बसवून संवाद उतरवून घ्यायचे आणि प्रयोग लावायचा. लेखकाला दमडी नाही. १८ ऑगस्ट १८५६ चा कायदा झाला आणि प्रयोग करण्याचा हक्कही लेखकाचा झाला. त्यासाठी धडपडलेल्यांत बूसिको पुढे होता. अमेरिकेत येऊन तीन वर्षं झालेला माणूस!

लंडनमध्येही तसंच. तिकडे मॅनेजर नाटक एकरकमी विकत घ्यायचा. नाटक दहा रात्री चालो की दोनशे, लेखकाला तेवढेच. 'कॉलिन बॉन'च्या वेळी बूसिकोने अ‍ॅडेल्फीच्या मॅनेजरला सांगितलं की रक्कम नको, गल्ल्यात वाटा द्या. नाटक चाललं आणि मग बाकीचे लेखकही तेच मागायला लागले. एक नाटक घेऊन पूर्ण कंपनी गावोगाव दौऱ्यावर पाठवण्याची पद्धत रुळवण्याचं श्रेयही त्याला देतात. आधी काय व्हायचं, मोठा नट एकटा यायचा आणि गावातली कंपनी त्याच्याभोवती कशीबशी उभी राहायची.

मी स्वतः दोन एकांकिका लिहिल्या आहेत. एका स्पर्धेत माझी एकांकिका माझं नाव न घालता कुणीतरी केली आणि मला ती फोटोवरून कळली. त्या रात्री झोप लागली नव्हती. त्यामुळे १८५६ ची ती तारीख मी विसरणार नाही.

शांभवीची आई

सगळं वाचलं. पण अ‍ॅग्नेसबद्दल कुणीच पुढे लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

जेसी ब्राउन तीच, झोई तीच, 'कॉलिन बॉन'मधली तळ्यात ढकललेली आयली तीच, अरा तीच. बूसिकोला सहा मुलं दिली. वर रंगपट यांनी लिहिलंय की सुरुवातीला घर तिच्या नावावर चाललं. आणि १८८५ साली हा माणूस ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा सिडनीत त्याने कंपनीतल्या लुईस थॉर्नडाइक नावाच्या तरुण नटीशी लग्न केलं. अ‍ॅग्नेसशी काडीमोड न घेता. वर म्हणे अ‍ॅग्नेसशी आपलं लग्न कायदेशीर झालंच नव्हतं. म्हणजे बत्तीस वर्षांचा संसार खोटा आणि मुलं अनौरस! अ‍ॅग्नेसला कोर्टात जावं लागलं, १८८८ मध्ये घटस्फोट मिळाला. ती पुढे १९१६ पर्यंत जगली.

नाटकात बुडणाऱ्या मुलीला वाचवणाऱ्या माणसाने घरात हे करावं, याचा मला फार त्रास झाला. नाटक मोठं असेल. पण धाग्यात हेही असायला हवं.

पडद्यामागे

ताई, बरं झालं लिहिलंत. शेवटी लोकांनीही त्याच्याकडे पाठ फिरवली असं वाचलंय. नवी नाटकं पडली, आणि अखेरच्या काळात तो न्यूयॉर्कमध्ये नटांच्या शाळेत शिकवून पोट भरत होता. १८ सप्टेंबर १८९० ला तिथेच गेला.

मध्यरात्र

रवीचा प्रवेश पटला. माझं मत थोडं बदलतंय. पण आयर्लंडमधल्या लोकांनी त्याला कसं घेतलं? न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांना गावची आठवण येऊन सगळंच गोड वाटणार.

लिफीकाठ

उशिरा आले धाग्यावर. मी डब्लिनमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून मध्यरात्र यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

इथल्या साध्या माणसांनी त्याला डोक्यावर घेतलं. जाणत्यांचं वेगळं. १८९७ साली येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन या लेखकांनी आयरिश रंगभूमीसाठी जाहीरनामा लिहिला. त्यात आयर्लंड म्हणजे थिल्लर विदूषकी आणि स्वस्त भावनांचं घर नव्हे, हे आम्ही दाखवू, असा भाव आहे. बूसिकोचं नाव नाही, पण बाण कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. त्यातूनच १९०४ ला अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. ज्या इमारतीत ते उभं राहिलं तिथे आधी मेकॅनिक्स थिएटर होतं, आणि त्या जुन्या थिएटरात शॉन ओकेसी या पुढे मोठ्या झालेल्या नाटककाराने पोरवयात 'शॉक्रॉन'मध्ये पाद्रीबाबांचं काम केलं होतं! सिंग या नाटककारानेही १९०४ ला 'शॉक्रॉन' पाहून त्यातल्या विनोदाची तारीफ केली होती. माइल्सचं नाव तर पुढे फ्लॅन ओब्रायनने 'आयरिश टाइम्स'मधल्या आपल्या सदरासाठी टोपणनाव म्हणून उचललं. म्हणजे हाकलूनही तो गेला नाही.

२००४ मध्ये अ‍ॅबीला शंभर वर्षं झाली तेव्हा तिथे 'शॉक्रॉन' लागलं होतं. मी ते पाहिलं. नवीनच आले होते इथे, उच्चार अर्धे कळायचे नाहीत. पण तिसऱ्या अंकातला मर्तिकाचा प्रवेश कळायला भाषा लागली नाही. फरारी बंडखोर रॉबर्टला वाचवायला कॉनने गोळी अंगावर घेतलेली, सगळ्यांना वाटतं तो मेला. इथे मयताच्या घरी रात्रभर लोक जमतात, खाणंपिणं होतं, म्हाताऱ्या गळा काढून रडगाणी म्हणतात. कॉन मधोमध आडवा. बायका त्याचे गुण गातायत, ज्यांनी जन्मात त्याला चांगलं म्हटलं नाही त्यासुद्धा. आई मुलाच्या दुःखात आहे आणि इतकी बडी माणसं आपल्या झोपडीत आली म्हणून हरखलेलीही आहे. आणि कुणाचं लक्ष नसताना मेलेल्याचा हात हळूच बाहेर येतो, दारूचं भांडं उचलतो, रिकामं करतो, परत जागेवर. शेजारी बसलेल्या आजीबाई इतक्या हसल्या की त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की आमच्या वडिलांच्या वेळी अगदी असंच होतं, आणि डोळे पुसले.

बूसिकोने हे नाटक १८७५ ला लंडनला नेलं आणि जानेवारी १८७६ मध्ये पंतप्रधान डिझरायलीला जाहीर पत्र लिहिलं, की तुरुंगात असलेल्या आयरिश फेनियन बंडवाल्यांना सोडा. नाटकात त्यांना माफी मिळते आणि तुमचे लंडनकर टाळ्या वाजवतात, मग खरोखरच द्या, असा त्याचा रोख. त्याच महिन्यात त्याचा थोरला मुलगा इंग्लंडमध्ये रेल्वेच्या अपघातात गेला.

रंगपट (धागाकर्ता)

@लिफीकाठ, त्या आजीबाईंसाठी तरी हा धागा काढल्याचं समाधान वाटलं. एक विचारायचं होतं. 'शॉक्रॉन'च्या शेवटी कॉन प्रेक्षकांशी बोलतो तो भाग छापील नाटकात वाचला. प्रत्यक्षात कसा झाला? मला सतत वाटत राहिलंय की तिथे कॉन नाही, बूसिको बोलतोय.

शांभवीची आई

हो, तेही सांगा. मीही वाचणार आहे.

लिफीकाठ

सांगते. मोयाचं लग्न कॉनशी लावायचं की नाही, असा घोळ चाललेला असतो. मोया पाद्रीबाबांची भाची. ते म्हणतात, या भटक्याच्या हाती पोर कशी देऊ? याच्या चांगल्या वागणुकीला कुणी जामीन राहील का? रंगमंचावर कुणीच पुढे येत नाही. तेव्हा कॉन वळतो आणि सरळ आमच्याकडे, प्रेक्षकांकडे येतो. म्हणतो, माझ्या चुका तुम्ही पुष्कळदा पोटात घातल्यात, आता एकदा आणखी घाला, आणि या गरीब भटक्यासाठी हात पुढे करा.

नटाने टोपी काढून हातात धरली होती आणि तो थांबला. मागून दिवे हळूहळू लागत होते. टाळ्या सुरू झाल्या त्या वरच्या गॅलरीतून.